मावशीच्या गोळ्या बंद करणाऱ्या मेसेजला उत्तर

‘प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके आजार कमी. सूज म्हणजे शरीर स्वतःला बरं करतंय. जीन थेरपीत माणसं दगावतात ती प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे. स्टिरॉइड आजच बंद करा.’ हा मेसेज मलाही दोनदा आला, मी सोडून दिला. मावशीने मात्र तो खरा मानला आणि आमवाताच्या सगळ्या गोळ्या थांबवल्या. परवा तिला नळ फिरवता येईना. बोटांचे सांधे लाल, गरम, टम्म फुगलेले. आता गप्प बसवत नाही.

आधी जीन थेरपी, म्हणजे शरीरात चांगलं जनुक पोचवून करायचा उपचार, कारण तिथे सत्य चक्क उलटं टांगलंय. सप्टेंबर १९९९, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली चाचणी. जेसी गेलसिंगर, वय १८. यकृताचा जनुकीय आजार होता, पण पथ्य आणि औषधांवर आटोक्यात. जनुक पोचवण्यासाठी अ‍ॅडेनोव्हायरस थेट यकृताच्या धमनीत सोडला. त्याच रात्री ताप, सकाळी कावीळ, मग रक्त गोठण्यात बिघाड, फुप्फुसं निकामी. चार दिवसांत मुलगा गेला. तो विषाणू अंगात वाढूच शकणार नाही असा बनवलेला होता. मारलं ते जन्मजात प्रतिकारशक्तीच्या भडक्याने. ही यंत्रणा अँटिबॉडी तयार व्हायची वाट बघत नाही, काही तासांत सायटोकाइनचा, म्हणजे सूज भडकवणाऱ्या रासायनिक संदेशांचा, पूर सोडते. कमी पडली म्हणे!

म्हणूनच आज झोलजेन्स्मा ही स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजारावरची जीन थेरपी देताना बाळाला आदल्या दिवसापासून प्रेडनिसोलोन हे प्रतिकारशक्ती दाबणारं स्टिरॉइड सुरू करतात, निदान महिनाभर, आणि यकृताच्या तपासण्या करत राहतात.

सूज? जखमेभोवती चार दिवस येणारी सूज कामाची असते, मान्य. आमवातात मारायला जंतूच नसतो, तरी टीएनएफ आणि आयएल-६ ही सायटोकाइन सुटत राहतात. सांध्याचं अस्तर जाड होतं आणि कूर्चा, मग हाड कुरतडतं. याला बरं होणं म्हणायचं?

स्टिरॉइडने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हेही खरं. पण ‘आजच बंद करा’ हे वाक्य जीवघेणं आहे. महिनोन्‌महिने गोळी घेतली की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतात. गोळी एकदम थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो. डोस हळूहळू उतरवायचा असतो, तोही डॉक्टरांनीच.

मेसेजमधल्या ‘कंपन्यांच्या कारस्थाना’वर मी वेळ घालवत नाही. मावशीचं डॉक्टरांशी बोलणं करून दिलंय, गोळ्या त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा सुरू झाल्यात. बोटातली अंगठी अजून निघत नाहीये.