21 दिवसांत मूल सुधारत नसतं, आत्या

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याने तो मेसेज टाकला. तुमच्याकडेही आला असणारच, वर उगवत्या सूर्याचा फोटो आणि खाली "फक्त 21 दिवस! मुलांच्या सगळ्या वाईट सवयी कायमच्या जातील, विज्ञानाने सिद्ध केलंय". मग नियम. 21 दिवस रोज तेच करून घ्या, एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजा, ताट स्वच्छ झाल्याशिवाय मुलाला उठू देऊ नका, रोज एक स्टार द्या आणि शेवटी मोठं बक्षीस, पहाटे 5 ला उठवा, मोबाइल पहिल्या दिवसापासून पूर्ण बंद, आणि दुधात ती ताकदीची पावडर. खाली हात जोडलेले आठ इमोजी आणि "प्रत्येक आईबापाने वाचावं असं".

मी वाचलं. वाचून आधी अपराधी वाटलं आणि मग राग आला, कारण मागच्या वर्षी आम्ही हा प्रकार खरंच करून बघितलाय. फ्रिजवर तक्ता, लाल पेनाने 21 चौकोन, सगळं. थोरली आता सहा वर्षांची आहे, धाकटा तीनचा, बायको हॉस्पिटलात स्टाफ नर्स, तिची ड्युटी दर आठवड्याला फिरते, कधी मॉर्निंग, कधी इव्हनिंग, कधी नाईट, मी नाशकात अंबडच्या एमआयडीसीत, आणि घरात माझी आई. तक्ता अकराव्या दिवसापर्यंत पोचला. बाराव्या दिवशी चुलतभावाच्या हळदीला गेलो, रात्री साडेबाराला परत आलो, दोन्ही पोरं खांद्यावर झोपलेली, ब्रश कोण करणार? नियमाप्रमाणे पुन्हा एक पासून. थोरलीने तो तक्ता बघितला आणि म्हणाली, "मग आता मी कशाला करू?" बरोबर होतं तिचं.

तर आत्या, राग नको मानूस, पण एकेक मुद्दा घेतोच.

सुरुवात त्या 21 आकड्यापासून, कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकेतले एक प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी 1960 साली एक पुस्तक लिहिलं, त्यात म्हणलंय की नाकाचं वगैरे ऑपरेशन झालेल्या पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान साधारण 21 दिवस लागतात. म्हणजे मोठी माणसं, नवं नाक, आणि "किमान". पुढे सांगणाऱ्यांनी किमान गाळलं, नाक गाळलं, आणि उरला तो आकडा आपल्या पोरांच्या डोक्यावर येऊन बसला.

खरोखर मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, निकाल छापून आला 2010 च्या सुमाराला. 96 माणसं घेतली, प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडली, जसं जेवताना एक फळ खाणं किंवा नाश्त्यानंतर ग्लासभर पाणी पिणं, आणि 84 दिवस रोज नोंद ठेवली. आपोआप व्हायला लागायला सरासरी 66 दिवस, पण कुणाला 18 आणि कुणाला 254. त्यातला 254 हा सुद्धा गणिताने पुढे काढलेला अंदाज, कारण अभ्यासच मुळात 84 दिवसांचा होता. पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला जास्त वेळ गेला. आणि ही सगळी मोठी माणसं होती, स्वतःहून ठरवून आलेली, त्यांच्यात तीन वर्षांचा एकही नव्हता जो टूथब्रश घेऊन सोफ्याखाली जाऊन बसतो.

आमच्याकडे थोरलीला रात्रीच्या ब्रशची सवय लागायला गणपतीत सुरुवात केली ती दिवाळी गेली, संक्रांत आली तरी आठवण करावी लागत होती. शिमग्याच्या आसपास कधीतरी लक्षात आलं की गेले आठ-दहा दिवस कुणी बोललंच नाहीये आणि ही आपली करून येतेय. कितवा दिवस होता ते कुणी मोजलं नाही.

आता "एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून". ह्या मेसेजमधली सगळ्यात वाईट ओळ ही आहे असं माझं मत. त्याच लंडनच्या अभ्यासात हेही बघितलं होतं, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी परत सुरू केलं की झालं. घरात लहान मूल म्हणजे सर्दी-ताप आला, पाहुणे आले, लाईट गेली, बायकोला नाईट लागली, दिवस चुकणारच. आणि चुकला की सगळं शून्य हा हिशोब लहान मुलाला एकच गोष्ट शिकवतो, की आता सोडून दिलं तरी चालतंय.

मग आम्ही काय केलं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण आमची खरी गोची दिवसांची नव्हतीच, घड्याळाची होती. "रोज रात्री 9 ला ब्रश" हा नियम आमच्या घरात चालूच शकत नाही. बायकोची इव्हनिंग असली की ती साडेदहाला घरी, मग पोरं आजीजवळ जेवणार, मी पोचलेलो असेन नसेन, कधी आठ कधी साडेनऊ. त्यामुळे वेळ काढून टाकली आणि पाठोपाठचा क्रम लावला. जेवण झालं, आपापली ताटली बेसिनमध्ये ठेवली, तिथेच ब्रश, मग गोष्ट. किती का वाजले असेनात, कोणी का घरात असेना, ताटलीच्या मागे ब्रश. त्या अभ्यासातल्या माणसांनीही हेच केलं होतं, रोजच्याच एखाद्या गोष्टीला नवी गोष्ट बांधायची. आणि एक गंमत सांगू का, धाकटा ब्रशला इतका का रडतो हे आम्हाला दोन महिने कळलं नव्हतं, हट्टी आहे, लाडावलाय, आजीने बिघडवलाय, सगळं बोलून झालं, आणि शेवटी निघालं काय तर त्याचा हात नळाला पोचत नव्हता आणि उचलून धरलं की बेसिनची कड पोटाला टोचत होती. बाजारातून प्लास्टिकचा स्टूल आणला, निम्मी रड तिथेच संपली. उरलेली निम्मी आहे अजून, खोटं कशाला बोलू.

ताट स्वच्छ करण्याचा मुद्दा. ह्याच्यावर आमच्या घरात खरी भांडणं झालीत, कारण माझी आई ह्या बाबतीत आत्याच्या पार्टीत आहे. तिचं म्हणणं अन्न हे पूर्णब्रह्म, टाकायचं नाही. मला ते मान्यच आहे, पण मग वाढायचंच कमी ना! आपण तीन वर्षांच्या पोराच्या ताटात स्वतःच्या भुकेच्या मापाने वाढतो आणि मग "एवढं संपव, एक घास चिऊचा, एक काऊचा" करत पाऊण तास त्याच्या मागे फिरतो. लहान मुलांची भूक एका जेवणाला भरपूर आणि पुढच्याला जवळजवळ नाहीच अशी वरखाली होत असते, पण दिवसभराची बेरीज बरीचशी सारखी येते, हे 1991 साली अमेरिकेत लीॲन बर्च आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलंय. पोट भरलंय हे पोराला कळतं, आपण त्याला ते ऐकू नको म्हणून शिकवतो. आता आमच्याकडे काय आणि कधी बनवायचं ते मोठे ठरवणार, त्यातलं किती खायचं ते पोरं. आईला पटायला वेळ लागला. आता ती दोन घासांएवढाच भात वाढते आणि पोरं स्वतःहून "अजून" म्हणतात तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. (पोराचं वजनच वाढत नसेल किंवा सारखं मलूल असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे डॉक्टरला दाखवायचं.)

आणि भाजी. शेपू थोरलीने पहिल्यांदा थुंकला, दुसऱ्यांदा थुंकला, आम्ही म्हणलं हिला आवडत नाही, विषय संपला. लहान मुलांना नवीन चव पटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखावी लागते. आपण तिसऱ्यांदा हात टेकतो. आता ताटाच्या कोपऱ्यात चिमूटभर ठेवतो, खा म्हणत नाही, आम्ही आपले खातो. दोडका असा पास झाला. शेपू अजून नापास आहे. कारल्याची गोष्ट काढू नका, ते मलाच आवडत नाही, बाप खात नाही म्हणल्यावर पोरांना कुठल्या तोंडाने सांगू.

स्टार आणि बक्षीस. हे दिसायला फार गोड आहे, आणि थोडं खरंही आहे, म्हणून जपून लिहितो. 1984 मध्ये लीॲन बर्च यांनीच एक प्रयोग केला होता, लहान मुलांना केफिर, म्हणजे आपल्या ताकासारखं आंबट पेय, प्यायला दिलं, काहींना "हे प्यायलास तर बक्षीस" म्हणून आणि काहींना नुसतंच. ज्यांना बक्षीस लावलं होतं त्यांना ते पेय नंतर आधीपेक्षा कमी आवडायला लागलं, आणि नुसतंच मिळालेल्यांचं तसं झालं नाही. पोरं हुशार असतात, ज्याच्यासाठी लाच द्यावी लागते ती गोष्ट वाईटच असणार हे त्यांना बरोबर कळतं. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" म्हणलं की भाजी झाली शिक्षा आणि चॉकलेट झालं बक्षीस, आपणच दोघांचे भाव ठरवून दिले. पण दुसरी बाजूही आहे, लंडनमधल्याच 2011 च्या एका अभ्यासात न आवडणारी भाजी नुसती चाखली म्हणून स्टिकर दिला तर मुलांनी ती नंतर जास्त खाल्ली. म्हणजे चाखण्यापुरता छोटा स्टिकर चालतोय, खाऊ लाच म्हणून नको आणि 21 दिवसांनी सायकल तर नकोच नको. आमच्या शेजारी एकाने सायकल कबूल केली होती. बाविसाव्या दिवशी सायकल खाली, पोरगा सायकलवर आणि सवय गेली उडत.

पहाटे 5. लवकर निजे लवकर उठे, सगळ्यांना पाठ आहे, पण म्हणीतलं पहिलं "निजे" आहे हो! सहा वर्षांच्या मुलाला निदान नऊ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्याला दुपारची धरून 10 ते 13 तास. 5 ला उठवायचं तर थोरली रात्री 8 ला झोपायला हवी. 8 ला आमच्या हॉलमध्ये सिरियल सुरू होते. मला सांगा ग्रुपवरच्या किती घरात पोरं 8 ला झोपतात? आणि आपल्याच राज्यात, तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढल्यावर, 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, ते कशासाठी? पोरांची झोप पुरी होत नाही म्हणूनच ना. उठण्याची वेळ बदलायची असेल तर सुरुवात टीव्हीच्या रिमोटपासून करावी लागेल, आणि तो पोरांच्या हातात नसतो.

मोबाइलवर मी भांडणार नाही, इथे मेसेजचा हेतू बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 साली जवळपास तेच सांगितलं, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या वर नको. पण "पहिल्या दिवसापासून पूर्ण बंद" हे लिहिणाऱ्याच्या घरात लहान मूल नसावं. थोरलीचा होमवर्क व्हॉट्सॲपवर येतो, बायकोचं ड्युटीचं टाइमटेबल तिथेच, सिन्नरहून आजोबांचा व्हिडिओ कॉल रोज संध्याकाळी. आम्ही एकच केलं, जेवताना मोबाइल फ्रिजच्या वर, माझासुद्धा. ह्यात सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला असेल तर मला. मी पोराला एका हाताने भरवत दुसऱ्या हाताने रील बघत होतो आणि वर त्याला म्हणत होतो लक्ष दे जेवणात. पहिले चार दिवस माझाच हात सारखा खिशाकडे जायचा. धाकट्याने तिसऱ्या दिवशी मोबाइल मागायचं सोडलं होतं.

पावडरचं थोडक्यात. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं "हेल्थ ड्रिंक" म्हणून दाखवू नका, कारण आपल्या अन्नसुरक्षेच्या कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी काही व्याख्याच नाहीये. डबा उलटा करून साखर किती ते वाचा, चष्मा लावून वाचा, अक्षर मुद्दाम बारीक असतं की काय देव जाणे. दूध नुसतं प्यायचं नसेल तर दही खा, ताक प्या.

बाकी आत्या, मेसेज तू प्रेमाने पाठवलास हे कळतं मला. रविवारी येतेयस ना? येताना पोरांना क्रीमच्या बिस्किटांचे ते दोन पुडे आणू नकोस, स्टँडबाहेर पेरू चांगले येतायत सध्या, अर्धा किलो आण. आणि रात्री थांबणार असशील तर तुझा ब्रश घेऊन ये, ताटली ठेवली की सगळ्यांनाच करावा लागतो, धाकटा सोडत नाही कुणाला.