‘ऑइल बदलले असते तर भागले असते’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

महोदय,

माझ्या धाकट्या भावाच्या २०१० सालच्या फोर्ड एन्डेव्हरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्लिप होऊ लागल्यावर (म्हणजे इंजिन फिरते, पण त्याची ताकद चाकांपर्यंत पुरती पोहोचत नाही) आम्ही तो पूर्ण उघडून नव्याने बांधण्याचा निर्णय का घेतला, हे मी गेल्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण लिहिता की ऑइल आणि एक सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारा-मिटणारा विजेवरचा वॉल्व्ह) बदलले असते तर भागले असते, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) बदलायला सांगणे ही लूट आहे, आणि इतक्या जुन्या गाडीवर पैसा ओतणे हा शुद्ध वेडेपणा आहे. शेवटी आपण म्हणता, ‘खाणीवरच्या फिटरने आधुनिक गाड्यांविषयी लोकांना घाबरवू नये.’

प्रथम या शेवटच्या वाक्याविषयी. मतभेद असणे मला मान्य आहे. पण ज्या कामावर माझे घर चालले त्या कामाचा उल्लेख शिवीसारखा केलेला मी मुकाट्याने वाचून सोडणार नाही. डिचोली आणि साखळीच्या पट्ट्यातील कित्येक घरांनी त्या कामावर मुले शिकवली आहेत. शिवाय आपल्याला बहुधा ठाऊक नसावे की गोव्यात ऑटोमॅटिक मोटारी रस्त्यावर सर्रास दिसू लागण्याच्या कितीतरी आधी खाणींवरच्या मोठ्या डंपरांना टॉर्क कन्व्हर्टर, प्लॅनेटरी गिअर आणि तेलाच्या दाबाने धरणाऱ्या क्लच प्लेटी होत्या. खड्ड्याच्या तळापासून भरलेला डंपर चढावरून वर येताना क्लच किती सोसतो आणि कुठे हार मानतो, हे मी हाताने उघडून पाहिले आहे. २०१२ साली खाणी थांबल्यावर मी मोटारींच्या कामाकडे वळलो; त्यापूर्वीचे शिक्षण वाया गेले असे मला कधी वाटले नाही.

आता ऑइलच्या मुद्द्याकडे येतो. एक गोष्ट आपली म्हणून मान्य करतो. गिअरबॉक्समध्ये ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, ऑइलला फेस येतो, दाब पडतो आणि गाडी स्लिप होते. अशा वेळी योग्य प्रतीचे ऑइल योग्य पातळीपर्यंत भरल्यावर ती सुधारतेही. ही शक्यता मी लेखात एका ओळीत सांगितली होती, ती अधिक ठळकपणे यायला हवी होती. परंतु भावाच्या गाडीत ऑइल कमी नव्हते. पातळी आम्ही तपासली होती, आणि ती इंजिन चालू ठेवून, ऑइलचे तापमान ठरलेल्या मर्यादेत असतानाच तपासली होती. गोव्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे ऑइल ही मर्यादा पाहता पाहता ओलांडते, म्हणून ते काम पहाटे केले. हेही लेखात होते. आपण ते वाचले असावे असे प्रतिक्रियेवरून दिसत नाही.

गाडीचे लक्षण काय होते ते पाहा. केरीहून चोर्ला घाट चढताना, गाडी तापल्यावर, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाण्याच्या क्षणी इंजिनचे फेरे एकदम वाढत, गाडी मात्र क्षणभर तेवढीच राही, आणि मग धक्क्याने तिसरा गिअर लागे. सकाळी थंड गाडीत हे जवळपास जाणवत नसे. या एन्डेव्हरमधील फाइव्ह-आर-फिफ्टीफाइव्ह-एस हा गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरसाठी एक बँड, म्हणजे फिरत्या ड्रमभोवतीचा अस्तर लावलेला पट्टा, आवळतो. बँडला ढकलतो सर्व्होचा, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या यंत्रणेचा, पिस्टन, आणि त्या पिस्टनची पोलादी पिन गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या बॉडीतील भोकात मागेपुढे सरकते. पोलाद आणि ॲल्युमिनियम वर्षानुवर्षे एकमेकांवर घासले की झिजते ॲल्युमिनियम. भोक मोठे होते, पिनच्या कडेने दाबाचे ऑइल निसटते आणि बँड पुरेसा आवळला जात नाही. ऑइल थंड व घट्ट असताना गळती थोडी असते. तापून पातळ झाले की वाढते. म्हणूनच सकाळी सगळे ठीक वाटते आणि घाटात गाडी दगा देते. या कुटुंबातील गिअरबॉक्सांचा हा रोग जगभरचे कारागीर ओळखतात. मी तो शोधून काढलेला नाही.

आता मला सांगा, नवे ऑइल त्या झिजलेल्या भोकात काय करणार? ते जुन्या ऑइलइतक्याच सहजपणे तिथून निसटणार. नव्या ऑइलने बँडवर अस्तर चढत नाही आणि ॲल्युमिनियमही परत येत नाही. उलट काही दिवस धक्का किंचित सौम्य झाला की मालक निश्चिंत होतो, गाडी पुन्हा घाटात नेतो, आणि जो बँड नुसता घसरत होता तो जळू लागतो. खाणीवर मी हेच पाहिले आहे. एका डंपरचा गिअरबॉक्स स्लिप होत होता; तो उघडावा असे आम्ही सांगत असताना वरून हुकूम आला की ऑइल बदला आणि फेऱ्या चालू ठेवा. पुढे तो भरलेल्या अवस्थेत चढावर थांबला. उघडल्यावर क्लच प्लेटींवर अस्तर उरले नव्हते आणि अस्तराची भुकटी वॉल्व्ह बॉडीपर्यंत, म्हणजे ऑइलचा दाब जागोजागी वाटून देणाऱ्या भागापर्यंत, पोहोचली होती. आधी जे काम प्लेटींपुरते होते ते संपूर्ण गिअरबॉक्सचे झाले. तेव्हापासून ‘ऑइल बदलून बघू’ हे वाक्य माझ्यासमोर कोणी उच्चारले की मला राग येतो, आणि आपण ते फार सहज उच्चारले आहे.

सोलेनॉइडचे म्हणाल तर आपण गाडीतील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचा आधार घेतला आहे. स्कॅनरवर आलेला कोड पी०७३३ होता. त्याचा अर्थ एवढाच की आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या वेगांचे गुणोत्तर तिसऱ्या गिअरला शोभेल असे नाही. ते का नाही, हे तो कोड सांगत नाही. सोलेनॉइड अडकला असेल, वॉल्व्ह बॉडीच्या प्लेटचे गास्केट फुटले असेल, बँड जळला असेल किंवा भोक झिजले असेल, कोड तोच येऊ शकतो. या गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड ब्लॉक आणि गास्केटही खराब होतात, हे मी नाकारत नाही. म्हणूनच आधी सोलेनॉइडचा विद्युत रोध मोजला, गेज लावून दाब पाहिला, चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचे ऑइलचे भांडे) उतरवले. चेंबरच्या तळाशी काळी, बारीक, बोटाला चिकटणारी भुकटी होती आणि ऑइलला जळका वास होता. मग वॉल्व्ह बॉडी काढून सर्व्होच्या वाटेत कॉम्प्रेसरची हवा सोडली, तर पिनच्या भोवती हवा फुसफुसताना स्पष्ट ऐकू आली. एवढा पुरावा समोर असताना सोलेनॉइड बदलून ग्राहकाला घरी पाठवणे याला मी लूट म्हणेन.

भोकात कांस्याचे बुश (झिजलेल्या भोकात बसवायची बारीक नळी) बसवण्याचे काम कधी कधी गिअरबॉक्स न उतरवताही करता येते. ऑइल स्वच्छ असते आणि अस्तर शाबूत असते, तर मी तेच सुचवले असते. इथे अस्तर जळले होते, आणि जळक्या अस्तराची भुकटी आत फिरत असताना नुसते बुश बसवणे म्हणजे जखम न धुता टाके घालणे. टॉर्क कन्व्हर्टरचेही तेच. तो वेल्डिंग करून बंद केलेला असतो. त्यात शिरलेली भुकटी धुऊन पुरती निघत नाही, आणि नव्याने बांधलेल्या गिअरबॉक्समध्ये ती पहिल्याच दिवसापासून परत येऊ लागते. एक तर तो कापून, साफ करून, पुन्हा वेल्ड करून बॅलन्स करावा, नाहीतर बदलावा. ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या उलट्या दिशेने धुवाव्यात. यात लूट कुठे आहे ते आपण दाखवलेले नाही.

कुर्ल्याहून किंवा दिल्लीच्या मायापुरीहून जुना गिअरबॉक्स आणण्याचा आपला सल्ला वाचला. त्याच वयाच्या गाडीतून निघालेल्या गिअरबॉक्समध्ये तेच भोक तसेच झिजलेले असण्याची शक्यता मोठी आहे. उघडून तपासल्याशिवाय तो बसवण्यात मला अर्थ दिसत नाही, आणि उघडायचाच असेल तर आपलाच का नको?

गाडी जुनी आहे आणि फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरात भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, हे मला ठाऊक आहे. तरीही याच गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचे किट मिळतात, कारण तो २००५ ते २०१० च्या मस्टँगलाही होता आणि त्याची भावंडे एक्स्प्लोररमध्ये होती. चासी सडलेली नाही, इंजिन खणखणीत आहे, वाळपईच्या पलीकडे भावाची बागायत आहे आणि पावसाळ्यात तिथल्या वाटेवर फोर-बाय-फोरशिवाय जाता येत नाही. त्याने काय करावे हे त्याच्या गरजेवरून ठरले. त्याला वेडा म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला समजले नाही. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देण्याची आवश्यकता वाटत नाही.

आपल्या मित्राची गाडी नुसते ऑइल बदलून बरी झाली, असे आपण लिहिले आहे. ते मी खोटे मानत नाही. मात्र ती कोणत्या गिअरमध्ये स्लिप होत होती, थंड असताना की तापल्यावर, ऑइलची पातळी आधी किती होती आणि चेंबरच्या तळाशी काय सापडले, हे त्यांना विचारून इथे लिहावे. त्यानंतर त्या गाडीविषयी मी जरूर बोलेन.