भंगारवाल्याच्या घरातली ती बैठक

काल रात्री 'स्टेप्टो अँड सन' या जुन्या ब्रिटिश मालिकेचा 'सेआन्स इन अ वेट रॅग अँड बोन यार्ड' हा भाग परत पाहिला. १९७४चा, बीबीसीवरच्या शेवटच्या सीझनमधला. (नाव १९६४च्या 'सेआन्स ऑन अ वेट आफ्टरनून' या सिनेमावरून घेतलंय. त्यातही मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणारी बाई आहे.) नंतर झोपच लागेना, म्हणून लिहितेय.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लंडनच्या शेफर्ड्स बुशमध्ये ऑइल ड्रम लेनवर दोघे बापलेक राहतात, घोडागाडीवरून भंगार गोळा करतात. बाप अल्बर्ट विधुर. मुलगा हॅरॉल्ड जन्मभर घर सोडायच्या गोष्टी करतो आणि घर काही सुटत नाही. १९६२च्या अगदी पहिल्या भागात तो आपलं सगळं सामान गाड्यावर लादतो. बाप घोडा देत नाही. मग हॅरॉल्ड स्वतःच गाडा ओढायला जातो, गाडा जागचा हलत नाही आणि तो तिथंच रडायला लागतो. विनोदी मालिका, आणि सुरुवात ही अशी! लेखक रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन यांची ओळख क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये झाली होती. खाटेला खिळून दिवस काढलेल्या माणसांनाच कोंडलेल्या घराचं असं लिहिता येत असावं, असं मला नेहमी वाटतं.

तर या भागात अल्बर्टला परलोकाचा नाद लागतो आणि मादाम फॉन्टाना नावाची बाई घरात मृतात्म्यांशी बोलायची बैठक भरवते. काम केलंय पॅट्रिशिया राउटलेज यांनी, म्हणजे पुढे 'कीपिंग अप अपिअरन्सेस'मध्ये हायसिंथ झालेल्या त्याच. बापाची श्रद्धा, मुलाला संशय. आपण मुलाच्या बाजूने हसतो, आणि हसायलाच हवं. पण काल माझं सगळं लक्ष त्या म्हाताऱ्याकडे होतं.

कारण आमच्या घरात हे झालंय.

आई गेली त्या वर्षी बाबा एका बाईंकडे प्लँचेटला जायला लागले. मी एकदा सोबत गेले होते. पाटावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर गोलाकार मुळाक्षरं, मधे पालथी स्टीलची वाटी, उदबत्ती. बाबांचं बोट वाटीवर, बाईंचंही. वाटी सरकायची आणि बाबा अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घ्यायचे. पाकीट फोटोखाली ठेवायचं. "तुमच्या इच्छेनुसार" म्हणत, पण इच्छा किती असावी हे आधीच कळलेलं असायचं.

वाटी का सरकते हे मायकेल फॅरेडेंनी १८५३मध्येच दाखवून दिलं होतं. तेव्हा इंग्लंडभर टेबलं फिरवायची लाट होती. त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचे थर असे बसवले की आधी टेबल हलतं की हात, ते कळावं. आधी हात हलत होते. बसलेली माणसं खोटारडी नव्हती. आपण ढकलतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मी बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असेल बाई. पण मला बरं वाटतं ना?"

नातेवाईकही हेच म्हणायचे. बरं वाटतंय ना त्यांना, मग तुझं काय बिघडलं? आज मला याचंच उत्तर द्यायचंय, कारण बिघडतं. पुष्कळ बिघडतं.

आमची आई मालवणची. बाबांशी चाळीस वर्षं मालवणीतच बोलली. "अवो, गोळी घेतलात मां?" वहीतली आई मात्र लिहीत होती, "मी येथे सुखात आहे. आपण प्रकृतीची काळजी घ्यावी." आई जन्मात कधी 'आपण' म्हणाली नव्हती. मी ते दाखवलं तर बाबा गप्प बसले, आणि पुढच्या गुरुवारी परत गेले.

पुढे कधीतरी मी प्रसिद्ध जादूगार हुडिनीची हकीकत वाचली आणि अंगावर काटा आला. १९२२मध्ये अटलांटिक सिटीला शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांच्या पत्नीने हुडिनीच्या मृत आईचं पत्र 'उतरवून' दिलं. पानंच्या पानं, आणि सगळी इंग्रजीत. आईला इंग्रजी जवळपास येतच नव्हतं. वर क्रूसाची खूण, आणि ती तर ज्यू धर्मगुरूची बायको! डॉइल दांपत्य लबाड होतं असं मी म्हणणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या घरातलीही माणसं गेली होती. पण हुडिनीला त्या कागदात आपली आई सापडली नाही.

बाबांचं उलट झालं. वर्षभराने ते बोलता बोलता म्हणायला लागले, "तुझी आई म्हणायची, प्रकृतीची काळजी घ्यावी." आई असं कधीच म्हणाली नव्हती, वाटी म्हणाली होती. चाळीस वर्षांच्या खऱ्या बायकोवर एक परकी बाई चढत चालली होती, आणि त्याचे पैसे आम्हीच देत होतो. मला राग पैशांचा नाही, याचा आहे.

ब्रिटनने १९५१मध्ये खास अशा, मृतात्म्यांशी बोलण्याचा खोटा दावा करणाऱ्या 'माध्यमां'साठी कायदा केला. त्याआधी १७३५चा चेटूकविरोधी कायदा वापरत. हेलन डंकन या अशाच 'माध्यम' बाईंना १९४४मध्ये त्याखालीच नऊ महिने तुरुंगात धाडलं होतं. नव्या कायद्यात फसवण्याचा हेतू किंवा लबाडीचं साधन, आणि शिवाय मोबदला घेतल्याचं सिद्ध व्हावं लागे, आणि निव्वळ करमणुकीचे प्रयोग वगळले होते. पण एखाद्याच्या आठवणीत भेसळ केली, हा गुन्हा कुठल्या कलमात बसवणार?

आणि हॅरॉल्डबद्दल एक सांगते. ढोंग पकडणं सोपं असतं. मीही शेवटी एकदा वही समोर टाकून जिंकले होते. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. खोटी का होईना, त्यांची गुरुवारची सोबत मी काढून घेतली आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही. ते माझं चुकलं.

आता गुरुवारी संध्याकाळी मी बाबांकडे जाते. माझ्या जुन्या फोनमध्ये आईचा एक व्हॉइस मेसेज सापडलाय, जेमतेम दहा-बारा सेकंदांचा. मागे कुकरची शिट्टी होते आणि आई ओरडते, "गो, येताना कोकमा घेवन ये, संपली हत!" बाबा चष्मा काढून ठेवतात, फोन कानाला लावतात आणि म्हणतात, "परत लाव."