राखणीला रॉटवायलरच पाहिजे? भावकीच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

दिवाळीनंतर आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला आणि अजूनही दर आठ दिवसांनी कुणी ना कुणी तो परत टाकतंच. सोयाबीन घरात आलेलं, विहिरीवरच्या केबली चोरीला जायचे दिवस, त्यामुळे वाचणाऱ्याला तो पटतोही. मजकूर थोडक्यात असा: घराची, शेताची राखण करायची तर कुत्रं रॉटवायलर नाहीतर पिटबुलच पाहिजे. गावठी कुत्रं बिनकामाचं, चोरानं तुकडा टाकला की शेपूट हलवतं. पिल्लू महिन्याच्या आतलं आणा, लळा लागतो. नरच घ्या, वीस नखं आणि काळी टाळू बघून घ्या. दिवसभर साखळीला ठेवा, परक्याचा हात लागू देऊ नका, खाण्यात मिरची द्या, म्हणजे कडक होतं. आणि जातिवंत कुत्रं घरच्या माणसाला कधी काही करत नाही.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते आमच्या घराला महागात पडलंय.

माझ्या चुलतभावानं लातुरात बंगला बांधला आणि वर्षाच्या आत रॉटवायलर आणला. दीड वर्षात तो ५० किलोंचा झाला. स्वभावानं म्हणाल तर लोणी. पोरं त्याच्या अंगावर लोळायची. एका संध्याकाळी थोरली आई, म्हणजे माझी चुलती, देवळातून आली. तिनं फाटक उघडलं तसा तो आनंदानं धावत आला आणि दोन्ही पंजे तिच्या खांद्यावर टाकले. चावला नाही, गुरगुरलासुद्धा नाही. थोरली आई अंगानं काडी. ओट्याच्या कडेवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात पडल्या पडल्याही ती कुत्र्याचीच बाजू घेत होती: "त्यानं काय केलं न्हाई रे, लाड करायलता बिचारा."

म्हणजे मेसेजमधलं वाक्य खरं धरलं तरी भागत नाही. ५० किलोंना घरचा आणि परका कळत नाही.

आणि वाक्य खरंही नाही. कोणतंच कुत्रं कधीच चावत नाही असं नसतं. तान्ही पिल्लं असलेली कुत्री, पायात काटा मोडलेलं कुत्रं, ताटलीतून हाडूक ओढणारं पोरगं, झोपेत शेपटीवर पडलेला पाय, यात जात आडवी येत नाही. जातीनं फरक पडतो तो इतकाच, की चावलंच तर जखम केवढी होणार. गावठी कुत्र्याच्या चाव्याला दवाखाना आहे. जबडा मोठा असला की गोष्ट वेगळी होते. (चावा कुणाचाही असो, आधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि मग रेबीजच्या लसीला जा. चुना-हळद भरून बसणारे अजून आमच्याकडं आहेत.)

आता मूळ मुद्दा. राखण म्हणजे चावणं, असं मेसेज लिहिणाऱ्यानं गृहीत धरलंय. मी धरत नाही. आमचा आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, औसा तालुक्यात, गावापासून दोन किलोमीटर. कोठ्यासमोर शेजाऱ्यानं जर्मन शेफर्ड बांधलेला असायचा, पंचक्रोशीत त्याची दहशत. पलीकडच्या विहिरीवरची केबल एका रात्रीत कापून नेली तेव्हा तो भुंकत होता, पण तो रोजच सगळ्यांवर भुंकायचा, म्हणून कुणी उठलंच नाही. त्याच रात्री आमच्या मोटारीकडं चोर आले नाहीत. आमच्याकडं होत्या दोन गावठी कुत्र्या, मायलेकी, मोकळ्या. सालगड्याला त्यांचं भुंकणं अक्षरासारखं वाचता यायचं. रानडुकराला एक आवाज, पाठलागाचा. ओळखीच्या मोटारसायकलला दोनदा भुंकून गप्प. अनोळखी माणसाला थांबून थांबून, जागा न सोडता, आणि एक जण बोलायला लागली की दुसरी बांधाच्या पल्याड जाऊन उभी. तो आवाज आला की तो बॅटरी घेऊन उठायचा. चोराला दाताची भीती असते हे खरंच, पण त्याहून मोठी भीती उजेडाची आणि माणूस जागा होण्याची. ते काम १८ किलोंची कुत्री करते.

तुकड्याचं म्हणाल, तर भुकेलं कुत्रं कुणाचाही तुकडा खाणार, मग त्याच्या आईबापाचा कागद असो नसो. रस्त्यावर भाकरीच्या मागं फिरणारं कुत्रं आणि दोन वेळा पोटभर घालून वस्तीवर वाढवलेलं गावठी कुत्रं यात फरक आहे. आपण पहिलं बघतो आणि दुसऱ्याला नावं ठेवतो. गाय म्हटली की आपल्याला देवणी आणि लाल कंधारी लागते, शेळी उस्मानाबादी. या हवेत, या चाऱ्यावर टिकणारं जनावर म्हणून आपण अभिमानानं सांगतो. कुत्र्याच्या वेळेलाच ही अक्कल कुठं जाते कळत नाही.

हवेचं तर मेसेजमध्ये नावच नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतं. जर्मन शेफर्डला दुहेरी केस, रॉटवायलर काळा आणि जड. पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधलेलं असलं कुत्रं दुपारी उष्माघातानं मरू शकतं. डोबरमनचे केस आखूड, उन्हाळा त्याला थोडा सोपा, पण परभणीच्या डिसेंबरात रात्री त्याच्या अंगावर गोणपाट टाकावं लागतं. शिवाय २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून आपण लातूरकर प्यालो आहोत. रोज बादल्यांनी पाणी लागणारं जनावर घेताना हे आठवायला हरकत नसावी.

"मग आपल्यातलं जातिवंत घ्या की, कारवान घ्या," असं ग्रुपवर एकानं लिहिलं. तो जानवळकडचा पाहुणा, त्यामुळे अभिमान रास्त. चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवान आणि लांब केसांच्या पश्मीसाठी ओळखलं जातं, आणि त्याच खानदानातल्या मुधोळ हाउंडचं तर २००५ साली टपाल तिकीट निघालंय. मलाही ते कुत्रं फार आवडतं. उभं राहिलं की कोरलेलं वाटतं. पण ते पळणारं कुत्रं आहे, नजरेनं सावज धरणारं. ससा दिसला की मालकाची हाक त्याच्या कानात शिरत नाही, आणि सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे. शेजाऱ्याची कोंबडी, शेळीचं करडू हेही त्याला पळताना दिसलं की सावजच. अनोळखी माणसानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, तरी अंगावर धावून जाण्यापेक्षा ते बाजूला सरतं. कुंपण असलेलं मोकळं रान आणि रोज पळवणारा तरणा माणूस असेल तर जरूर घ्या. अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर कारवान ठेवणं म्हणजे घोड्याला ढाळजेत, दाराशी बसायच्या खोलीत, बांधणं.

प्रत्येक जात कुणीतरी कशासाठी तरी घडवलीय, तेवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा, गुरं हाकायला आणि गाड्या ओढायला. गुराला अंगानं रेटणं हा त्याचा पिढीजात धंदा. थोरल्या आईला त्यानं काय केलं ते आता बघा. डोबरमन हा एकोणिसाव्या शतकातल्या लुई डोबरमन नावाच्या करवसुली करणाऱ्या माणसाच्या नावाचा, मालकाला चिकटून राहणारा. त्याला फाटकापाशी एकटा टाकला की तो बिघडतो. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची जाळी आणि मासे तोंडात धरून आणायचे. तो चोराच्याही पायाशी लोळेल अशी त्याची थट्टा करतात. करोत. दारात गाडी थांबली की तो भुंकतो आणि शाळेतनं आलेल्या पोरांना सांभाळून घेतो. मात्र पोरवयात तोही धसमुसळाच असतो, आणि खायला घालाल तितकं खाऊन उन्हाळ्यात हाशहुश करतो.

पिल्लाच्या वयाचा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो मायेच्या भाषेत येतो. महिन्याच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू दात किती दाबायचे तेच शिकत नाही. ते शिकवतात त्याची भावंडं: एकानं जोरात धरलं की दुसरं केकाटतं, खेळ मोडतो. दोन महिने त्याला आईपाशी राहू द्यावं. विक्रीच्या २०१७ च्या नियमांतही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. पुढं साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत ते जे बघेल, ऐकेल, हुंगेल ते त्याच्या जगातलं होतं: ट्रॅक्टर, छत्री, काठी टेकणारं म्हातारं, टाळ-मृदंग. म्हणूनच परक्याचा हात लागू देऊ नका हा सल्ला उलटा आहे. आपल्याकडं वेळ अमावास्येला काय होतं ते आठवा. शेतात कडब्याची कोप करून पूजा झाली की वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून भज्जी आणि आंबील देतात. तीस-चाळीस माणसं, निम्मी अनोळखी, पोरं बांधावरून पळतायत. माणसंच न बघितलेलं कुत्रं त्या दिवशी एकतर कोंडून ठेवावं लागतं, नाहीतर कुणाच्या तरी पिंढरीला लागतं. पाहुणा आणि चोर यातला फरक त्याच कुत्र्याला कळतो, ज्यानं पाहुणे भरपूर बघितलेत.

नखांचं सांगून टाकतो. कुत्र्याला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं असतात. काहींना मागं एकेक जास्तीचं येतं, की झालं वीसनखी. ते बहुतेकदा नुसतं लोंबतं आणि काट्याकुट्यात अडकून रक्त काढतं. टाळू काळी की गुलाबी, त्यानं काही होत नाही. मिरचीनं आतडी जळतात आणि हगवण लागते. पोटात आग पडलेलं जनावर चिडकं होतं, त्याला लोक कडक म्हणतात. कांदा-लसणाचं कालवणही घालू नका, कुत्र्याच्या रक्ताला ते विषारी. नर-मादीचं म्हणाल, तर मादी घर धरून राहते, नर वासावर चार शिवारं पालथी घालतो. नसबंदी केली की मादीची मोठी अडचण संपते.

साखळी. दिवसभर आखूड दोरीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते तुरुंगवास भोगत असतं. पळून जायची वाट बंद असलेलं जनावर भितं, आणि भ्यालेलं जनावर आधी चावतं. सोडलेल्या दिवशी समोर येईल ते त्याचं गिऱ्हाईक, बहुतेकदा पोर. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये विनाकारण तासन्‌तास आखूड वा जड साखळीला ठेवणं हा गुन्हा धरलाय.

कायद्याचंच निघालं म्हणून: मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र लिहून पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी घालायला सांगितलं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. म्हणजे या जाती पाळणं सरसकट गुन्हा आहे असं कुणी सांगितलं तर तेही खोटं. पण तुमच्या निष्काळजीपणानं कुत्र्यापासून कुणाच्या जिवाला धोका होत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गावठीच्या मालकालासुद्धा.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्या-तुकड्यानं लिहिलं. दोघांनी अंगठे टाकले, एकानं तोच मेसेज परत टाकला. रात्री चुलतभावाचा फोन आला. रॉटवायलर आता त्याच्या मित्राच्या फार्महाउसवर आहे, कुंपणात, चांगला आहे म्हणे. थोरली आई काठी टेकत चालायला लागलीय.

"मग आता कुठलं आणू?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, दुपारी दोन वाजता घरात कोण असतं ते सांग.

"आई आणि धाकटी. बायको शाळेवरनं चारला येती."

"फिरवणार कोण?"

तो गप्प.

आमच्या थोरल्या कुत्रीला गेल्या आठवड्यात पाच पिल्लं झाली आहेत. त्याला म्हटलं, रथसप्तमीनंतर ये, आईलाच सोबत घेऊन ये, आणि तिच्या काठीला न घाबरणारी एक मादी बघून ने.