दोघींच्या नाकावर एकच बिल्ला: एमजीबी-हेक्टर लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, एमजी या मूळच्या ब्रिटिश कंपनीची जुनी उघडी स्पोर्ट्स कार एमजीबी आणि त्याच नावाची आजची एसयूव्ही हेक्टर यांची तुलना करून मी ‘एसयूव्ही झोप आणते’ असं लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९६२ ची दोन माणसांची एमजीबी आणि आजची पाच माणसांची हेक्टर यांची तुलनाच चुकीची, एअरबॅग नाही, एसी नाही, पोरांना बसायला जागा नाही, अशा गाडीचं कौतुक म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, आणि ९५ अश्वशक्तीच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणणं हा विनोद. शिवाय गिअरबॉक्सबद्दलची माझी एक चूकही तुम्ही दाखवलीत.

चूक मान्य. एमजीबीच्या चारही गिअरना सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अलगद बसवणारी सोय, आलं ते १९६७ च्या अखेरच्या मार्क टू मॉडेलपासून. त्याआधी चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायचा तर डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबायचा, नाहीतर खर्रकन आवाज.

सुरक्षिततेबद्दलही वाद नाही. घरच्यांना घेऊन कोल्हापूरला निघायचं तर मीही हेक्टरचीच किल्ली उचलेन.

पण त्या ९५ अश्वशक्तीला इतकं हसू नका. एमजीबीचं वजन सव्वानऊशे किलोच्या आसपास. पेट्रोल हेक्टरच्या १४३ अश्वशक्तीला दीड टनाहून जास्त ओझं ओढायचंय. भागाकार करून बघा, टनामागे म्हातारीच पुढे निघते. प्रत्यक्षात टर्बोच्या जोरावर हेक्टर तिला मागे टाकेलही, पण विनोद म्हणावा एवढा फरक नाही.

माझा मुद्दा उंचीचा होता, तो लेखात नीट उतरला नाही बहुतेक. एमजीबी जेमतेम सव्वा मीटर उंच, हेक्टर पावणेदोन मीटर. आता गंमत ऐका. अमेरिकेच्या बंपरच्या नियमांपायी १९७४ च्या शेवटी एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि सगळी गाडी साधारण इंचभर वर उचलली गेली. तेवढ्यानेच ती वळणावर अंग टाकू लागली. पुढे अँटी-रोल बारनी, म्हणजे गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्यांनी, बरंचसं सावरलं, तरी जुने शौकीन त्या मॉडेलच्या नावाने अजून बोटं मोडतात. एका इंचासाठी! हेक्टर तर तिच्याहून अर्धा मीटर जास्त उंच. आजचे इंजिनिअर ती उंची चांगली सांभाळतात, अगदी कौतुक करावं इतकी. फक्त त्या सांभाळण्यात रस्त्याची खबर चालवणाऱ्यापर्यंत पोचत नाही. एमजीबीत ऐंशीलाच पोटात गोळा येतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर हेक्टर एकशेवीसला पोचली हे काट्याकडे नजर गेली तरच कळतं, आणि तिथली मर्यादा आहे शंभर. ‘एसयूव्ही झोप आणते’ हे वाक्य तुम्हाला झोंबलं, पण ते मी यासाठी लिहिलं होतं.

स्मरणरंजन म्हणाल तर एमजीबी बनायची तो इंग्लंडमधला ॲबिंग्डनचा कारखाना १९८० च्या ऑक्टोबरात बंद झाला आणि माझा जन्म त्यानंतरचा. आठवणी आणू कुठून? रेडिंगजवळ नोकरीला असताना शेजारच्या आजोबांच्या एमजीबीत तीन रविवार बसलो, त्यातला एकच स्टिअरिंगवर. एवढंच भांडवल. आणि तुलनेला हेक्टरच का घेतली, तर दोघींच्या नाकावर तोच एमजीचा अष्टकोनी बिल्ला आहे. एकीचा ऑक्सफर्डच्या मॉरिस गराजेसमधून आलेला, दुसरीचा आता शांघायच्या कंपनीच्या मालकीचा आणि गुजरातमधल्या हलोलच्या कारखान्यात बसवलेला.

राहिला पोरांचा प्रश्न. १९६५ मध्ये एमजीबी जीटी आली, छत पक्कं आणि मागे एक बाकडं. त्या बाकड्यावर पाचवीतलं पोरगंसुद्धा पाय पोटाशी घेऊन बसेल. तिथे तुम्ही जिंकलात.