डेड लेटर रांग म्हणजे कचराकुंडी नव्हे

लातूर-नांदेडकडच्या आडत दुकानांची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या आमच्या मंडळींत एक निरोप फिरतोय: ‘एमएसएमक्यूमधली डेड लेटर रांग रोज पर्ज करा, त्यात मेलेले मेसेजच असतात, मशीन हलकं होतं.’ (एमएसएमक्यू म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे मेसेज पोहोचवणारी विंडोजमधली सोय, डेड लेटर रांग म्हणजे त्यातले न पोहोचलेले मेसेज ठेवायची जागा, आणि पर्ज म्हणजे रांग पुसून रिकामी करणं.) कृपया असं करू नका.

तिथला मेसेज मेलेला नसतो, पोहोचलेला नसतो. मुदत संपली, जिथे जायचं ती रांग सापडली नाही, परवानगी नव्हती, यापैकी काहीतरी घडलेलं असतं, आणि नेमकं काय ते मेसेजच्या क्लासमध्ये, म्हणजे त्याच्यावरच्या प्रकाराच्या नोंदीत, दिसतं. सोयाबीनची काटापट्टी अशी अडकली असेल तर पर्ज केल्यावर ती परत येत नाही. आधी कारण बघा, गरज असेल तर पुन्हा पाठवा, मगच काढा. ट्रान्झॅक्शनल, म्हणजे एखाद्या व्यवहाराचा भाग म्हणून पाठवलेल्या, मेसेजची डेड लेटर रांग वेगळी असते आणि ती पाठवणाऱ्याच्या मशीनवर असते, तीही तपासा.

निरोपात एवढं खरं आहे की हे मेसेज आपोआप जात नाहीत. साठून कोटा, म्हणजे जागेची ठरलेली मर्यादा, भरला की नवे मेसेज घेणं थांबतं. म्हणून लक्ष हवंच.

आणि रांग रिकामी दिसली म्हणून सगळं पोहोचलं असं धरू नका. साध्या मेसेजसाठी पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने डेड लेटरची सोय मागितली नसेल, तर न पोहोचलेला मेसेज गुपचूप नाहीसा होतो.