ईएफ ६० आलं म्हणजे हार्ट ओके, हे खरं नाही

इको (हार्टची सोनोग्राफी) रिपोर्ट घरच्या घरी कसा वाचायचा असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं की ईएफ (हार्ट किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा) ५५ च्या वर असलं की हार्ट एकदम ठीक, ई/ए रेशो (हार्टमध्ये रक्त भरण्याच्या दोन लाटांचं प्रमाण) एकच्या वर असला की रिलॅक्सेशन म्हणजे हार्टचं सैल पडणं पण नॉर्मल, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन (सैल पडून रक्त भरून घेण्यातला पहिल्या पायरीचा बिघाड) वय झालं की सगळ्यांच्याच रिपोर्टवर येतं तर तिकडे बघूच नका, दम लागत असेल तर तो वजनामुळे, आणि एवढं करून काही निघालंच तर त्यावर औषध नाही. मी इको करते, हा मेसेज वाचून लोक दम लागत असताना सुद्धा निवांत बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिलं ईएफ. डाव्या व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे हार्टच्या खालच्या मुख्य कप्प्यात, जेवढं रक्त भरलं त्यातलं किती टक्के बाहेर फेकलं, एवढंच ते सांगतं. ते भरताना आतलं प्रेशर किती होतं हे त्यात कुठेच नसतं. भिंती जाड आणि कडक झालेल्या छोट्या कप्प्यात समजा ७० मिली भरलं आणि ४५ बाहेर गेलं, तर ईएफ ६४ येईल, कागदावर झकास, पण शरीराला एका ठोक्यात ४५ मिलीच मिळालं ना! आणि तेवढं भरायलाही प्रेशर वाढवावं लागत असेल तर ते प्रेशर मागे डाव्या एट्रियममध्ये (वरच्या कप्प्यात) आणि तिथून फुफ्फुसांच्या शिरांमध्ये जातं, दम लागतो तो त्याने. हार्ट फेल्युअरच्या साधारण निम्म्या पेशंटचं ईएफ ५० किंवा त्याच्या वरच असतं. अजून एक, सैल पडणं म्हणजे स्नायूने नुसतं सोडून देणं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही, पेशीतलं कॅल्शियम परत साठ्यात ओढून घ्यावं लागतं आणि त्याला एनर्जी लागते. म्हणून रक्तपुरवठा कमी पडला की आकुंचनाच्या आधी रिलॅक्सेशन बिघडतं.

आता ई/ए, मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच. एट्रियम आणि व्हेंट्रिकलमधला मायट्रल व्हॉल्व्ह उघडल्यावर सुरुवातीला जे रक्त आत येतं ती ई वेव्ह, शेवटी एट्रियम दाबून जे ढकलतं ती ए वेव्ह. रिलॅक्सेशन मंदावलं की ई छोटी होते, ए मोठी होते, रेशो ०.८ च्या खाली जातो. इथपर्यंत सोपं आहे. पण आजार पुढे गेला की एट्रियममधलंच प्रेशर वाढतं, ते रक्त जोरात आत ढकलतं, ई परत मोठी होते आणि रेशो येतो १.२! याला स्यूडोनॉर्मल म्हणतात. म्हणजे १.२ हा आकडा निरोगी हार्टचाही असू शकतो आणि बऱ्यापैकी आजारी हार्टचाही, आणि दोनच्या वर गेला तर आजारी हार्टमध्ये ते ग्रेड थ्री म्हणजे सगळ्यात गंभीर, पण विशीतल्या फिट माणसाला दोन अगदी नॉर्मलमध्ये येऊ शकतो. एट्रियल फिब्रिलेशन (एट्रियमचे ठोके अनियमित होणं) असेल तर ए वेव्हच नसते, मग रेशो काढणार कशाचा? ठोके फार फास्ट असले की दोन्ही वेव्ह एकमेकीत मिसळतात.

म्हणून एका आकड्यावर कोणी ठरवत नाही. टिश्यू डॉपलर या इकोच्याच तंत्राने ई प्राइम, म्हणजे रक्त भरताना हार्टचा स्नायू किती वेगाने हलतो ते, बघतात (मधल्या पडद्याकडे म्हणजे सेप्टल ७ च्या खाली किंवा बाहेरच्या भिंतीकडे म्हणजे लॅटरल १० सेंटीमीटर पर सेकंदच्या खाली म्हणजे कमी), ई वेव्हला ई प्राइमने भागून येणारा सरासरी ई/ई प्राइम १४ च्या वर आहे का, एट्रियमचा व्हॉल्यूम इंडेक्स (शरीराच्या मापाच्या हिशोबाने त्याचं आकारमान) ३४ च्या वर आहे का, उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड व्हॉल्व्हमधल्या लीकचा वेग २.८ मीटर पर सेकंदच्या वर आहे का. अमेरिकन आणि युरोपियन इको सोसायट्यांच्या २०१६ च्या गाइडलाइनप्रमाणे ईएफ नॉर्मल असताना या चारातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी बिघडलेल्या असतील तरच डिसफंक्शन म्हणायचं, दोन-दोन झाल्या तर ठरवता येत नाही असं लिहायचं. ठरवता येत नाही असं रिपोर्टवर दिसलं की लोक चिडतात, पण ते प्रामाणिक उत्तर आहे. आणि मायट्रल व्हॉल्व्हच्या कडेला खूप कॅल्शियम साठलं असेल तर ई प्राइमवरही भरवसा ठेवता येत नाही.

ग्रेड वनचं म्हणणं अर्धं खरं आहे. वयाबरोबर रिलॅक्सेशन मंदावतं, साठीनंतर ए मोठी दिसणं कॉमन आहे, आणि ग्रेड वनमध्ये आराम करताना प्रेशर सहसा नॉर्मलच असतं, म्हणजे हार्ट फेल्युअर झालं असा त्याचा अर्थ नाही, घाबरू नका. पण चाळिशीतल्या बीपीवाल्याच्या रिपोर्टवर तेच आलं तर सोडून द्यायचं नाही, बीपी, शुगर, झोपेत श्वास अडकणं हे सगळं बघायला हवं. बाकी सगळं नॉर्मल असताना नुसता ई/ए उलटा दिसला म्हणून ग्रेड वन छापणारे रिपोर्टही निघतात, ते चूकच.

वजनामुळे दम लागतो हे म्हणणं तर उलटं अंगावर येतं, कारण लठ्ठपणा हेच ईएफ नॉर्मल असलेल्या हार्ट फेल्युअरचं मोठं कारण आहे. त्यात वजन जास्त असलं की रक्तातलं बीएनपी (हार्टवर ताण आला की वाढणारं हार्मोन) कमी येतं, त्यामुळे ते नॉर्मल आलं म्हणून हार्ट सुटलं असं होत नाही. पडून केलेला इको ठीक आणि जिना चढताना दम, असं असेल तर एक्सरसाइज इको, म्हणजे व्यायाम करताना केलेला इको, करून घ्या. तरीही शंका राहिलीच तर कॅथेटरने (शिरेतून आत घातलेल्या बारीक नळीने) वेज प्रेशर, म्हणजे डाव्या एट्रियममधल्या प्रेशरचा अंदाज, मोजतात, आरामात १५ किंवा व्यायामात २५ मिलिमीटर मर्क्युरीच्या वर गेलं की उत्तर मिळतं.

औषध नाही हे काही वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं. २०२१ मध्ये एम्परर-प्रिझर्व्ड ट्रायलमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने आणि २०२२ मध्ये डेलिव्हर ट्रायलमध्ये डापाग्लिफ्लोझिनने हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट व्हावं लागणं कमी झालं. मृत्यू स्पष्टपणे कमी झाले असं नाही, आणि ही औषधं हार्ट फेल्युअर असलेल्यांसाठी आहेत, कागदावर नुसतं ग्रेड वन आलेल्यांसाठी नाहीत. अंगावर सूज असेल तर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. आणि भिंती जाड, ईसीजीत मात्र व्होल्टेज कमी, दोन्ही हातांना कार्पल टनेल (मनगटातली नस दबून मुंग्या येणं), असा पेशंट असेल तर अमायलॉइड (हार्टच्या भिंतीत चुकीचं प्रोटीन साठणं) तपासायला डॉक्टरांना नक्की सांगा, त्याचं औषध वेगळं आहे आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितका फायदा.